बँकेच्या टेबलावरून रंगमंचाकडे : रत्नाकर मतकरी

स्मरणिका समितीतली मुलं घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पहिल्या कमिटीत खजिनदार होता. सोसायटीचा पंचवीस वर्षांचा आर्थिक इतिहास लिहून द्या." (मुलं म्हणजे आता चाळिशीला टेकलेली. पण मी त्यांना शाळेच्या युनिफॉर्ममध्ये जिने चढताना पाहिलंय, त्यामुळे माझ्या लेखी मुलंच.) मी म्हटलं, तो इतिहास दरवर्षीच्या ऑडिट रिपोर्टात छापलेला आहे आणि तिथेही तो कोणी वाचत नाही. सिंकिंग फंड आणि गच्चीची गळती यांवर स्मरणिकेची पानं घालवण्यापेक्षा मी एका लेखकावर लिहितो, रत्नाकर मतकरींवर.

समितीचे चेहरे जरा उतरले. मतकरी आपल्या सोसायटीत कधी राहिले नाहीत, कधी आले नाहीत. माझी आणि त्यांची साधी ओळखही नव्हती. मग रौप्यमहोत्सवाशी त्यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. एक सर्वांना आठवत असेल : २००१ च्या गणेशोत्सवात आपल्या मुलांनी केलेलं ‘निम्मा शिम्मा राक्षस’. दुसरा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. तो ओघात येईल.

मी १९७३ साली बँकेत लागलो. बी.कॉम. झाल्यावर वर्षभर चपला झिजवून मिळालेली नोकरी, त्यामुळे घरात पेढे वाटले गेले. ज्यांनी कॉम्प्युटरच्या आधीची बँक पाहिली नाही त्यांना सांगतो, आमचं सगळं आयुष्य लेजरमध्ये असायचं. काउंटर बंद झाला की पोस्टिंग तपासायचं, कॅश टॅली करायची, डे बुक जुळवायचं. दहा पैशांचा फरक आला तरी सगळा सेक्शन थांबायचा. जून आणि डिसेंबरच्या हाफ इयरली क्लोजिंगला रात्रीचे अकरा वाजायचे. ज्या रकमेचं खातं सापडायचं नाही ती ‘सस्पेन्स अकाउंट’ला टाकायची. तिथून ती कधी ना कधी काढावी लागते, नाहीतर इन्स्पेक्शनवाले विचारतात.

आमच्या ब्रँचमध्ये एक सीनियर क्लार्क होते. त्यांच्या ड्रॉवरमध्ये पंचिंग मशीनच्या खाली कायम एखादं पुस्तक असायचं. एकदा असाच उशीर झाला तेव्हा त्यांनी मला ते दिलं : ‘खेकडा’. म्हणाले, "गाडीत वाच. रात्री घरी वाचू नकोस." मी अर्थातच रात्री घरी वाचलं. दुसऱ्या दिवशी परत करताना त्यांनी सांगितलं, "लेखक आपल्यातलाच आहे रे. बँक ऑफ इंडियात."

याचं मला किती आश्चर्य वाटलं ते सांगता येणार नाही. आमच्या पिढीने लहानपणी बाबुराव अर्नाळकर वाचले होते. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं आम्हाला शेजाऱ्यांच्या नावांइतकी पाठ. मग नारायण धारप आले, त्यांच्याबरोबर समर्थ आले, अमानवी शक्ती आल्या. हे सगळं आवडायचं, पण ते ‘तिकडचं’ होतं. मुखवटा घातलेला माणूस आमच्या चाळीत येणार नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं. मतकरींच्या गोष्टीत मात्र वाडा लागत नाही, अमावास्या लागत नाही. दोन खोल्यांचा ब्लॉक असतो, नवरा-बायको असतात, ऑफिस असतं, आणि कुठेतरी एक शब्द किंवा एक नजर वेडीवाकडी पडते. तिथून गोष्ट उतरणीला लागते. भूत असलंच तर ते फार उशिरा येतं, आणि आलं तरी खरी भीती त्याची वाटत नाही, घरातल्या माणसाची वाटते. आपल्या गोष्टींना ते भयकथा म्हणत नसत, गूढकथा म्हणत.

अशी गोष्ट लिहिणारा माणूस रोज सकाळी मस्टरवर सही करतो, ही कल्पनाच मला फार धीर देणारी वाटली. खरं सांगायचं तर मी स्वतःही त्या उत्साहात दोन गूढकथा लिहिल्या. एका मासिकाकडून त्या साभार परत आल्या. त्यानंतर मी प्रमोशनच्या परीक्षेचा अभ्यास केला.

मतकरींचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ चा, मुंबईचा. लेखनाची सुरुवात विलक्षण लवकर झाली. १९५५ साली आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून ‘वेडी माणसं’ ही त्यांची एकांकिका प्रसारित झाली तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते. म्हणजे त्यांचा पहिला जाहीर प्रयोग दिसणारा नव्हता, फक्त ऐकू येणारा होता. याचा त्यांच्या पुढच्या लेखनाशी संबंध आहे असं मला वाटतं. रेडिओवर पडदा नाही, नेपथ्य नाही. पाऊल वाजलं तर ते कोणाचं हे श्रोत्याने ठरवायचं. गूढकथेला नेमकं हेच लागतं.

अर्थशास्त्र घेऊन ते बी.ए. झाले आणि १९५८ साली बँक ऑफ इंडियात लागले. १९७८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं, ते तिथे होते. मधे १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्या चौदा बँकांत त्यांचीही बँक होती. या वीस वर्षांत त्यांनी काय काय केलं हे पाहिलं की माझ्यासारख्या माणसाला स्वतःच्या संध्याकाळी आठवून शरम वाटते.

१९५९ साली सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचं शिक्षण घेऊन आल्या होत्या आणि मुलांसाठी खरंखुरं, सजलेलं नाटक करायच्या तयारीत होत्या. त्यांच्या या बालरंगभूमीचं पहिलं नाटक होतं ‘मधुमंजिरी’, आणि त्याचे लेखक होते जेमतेम विशीतले रत्नाकर मतकरी. तोपर्यंत मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलांनी करायचं आणि आई-बापांनी कौतुकाने बघायचं प्रकरण होतं. मोठ्या माणसांनी मनापासून मेहनत घेऊन मुलांसाठी नाटक करावं, त्याला थिएटर घ्यावं, तिकीट लावावं, ही गोष्ट नवी होती. पुढे १९६२ साली मतकरींनी ‘बालनाट्य’ ही आपली संस्था काढली. पत्नी प्रतिभा मतकरी बरोबरीने उभ्या राहिल्या. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, पुष्कळसं घरचंच. मतकरी चित्रकारही होते, त्याचा इथे फार उपयोग झाला.

आता यातला हिशोब बघा, कारण मला तो दिसतो. थिएटरचं भाडं मोठ्यांच्या नाटकाला जेवढं तेवढंच. कपडेपट उलट जास्त, कारण राक्षस, चेटकीण, राजकन्या साध्या साडी-शर्टात येऊ शकत नाहीत. आणि तिकीट मात्र कमी ठेवावं लागतं, कारण एका मुलामागे आई, बाबा, आजी आणि धाकटं भावंडं असा सगळा लवाजमा येतो. हा धंदा नव्हताच. पदरचे पैसे घालून मतकरी पती-पत्नींनी हे काम सुमारे तीस वर्षं केलं. मी लोन सेक्शनला असतो तर असा प्रस्ताव पहिल्याच पानावर नामंजूर केला असता.

‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अचाटगावची अफाट मावशी’, ‘राजकन्येची सावली हरवली’, ‘अलबत्या गलबत्या’ ही सगळी त्यांचीच. ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली आणि एका पिढीच्या मनात ती घर करून बसली. २०१८ साली ते नाटक पुन्हा आलं तेव्हा चेटकीण वैभव मांगले झाले होते. माझ्या नातीला घेऊन मी गेलो होतो. चेटकीण आल्यावर ती माझ्या मांडीवर चढली आणि दोन मिनिटांत उतरून पुढच्या रांगेकडे पळाली. मांडीवर चढणं आणि उतरणं, दोन्ही मतकरींनी लिहिलेलं होतं. मुलांना भीती दाखवायची, पण ती हसून उडवून लावायची किल्लीही त्यांच्याच हातात द्यायची. आणि गंमत म्हणजे हाच माणूस त्याच काळात, त्याच टेबलावर बसून मोठ्यांसाठी अशा गोष्टी लिहीत होता की ज्यांत किल्ली कुठेच नसते.

गूढकथांचे संग्रह पुष्कळ निघाले : ‘मृत्युंजयी’, ‘रंगांधळा’, ‘कबंध’, ‘फाशी बखळ’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ आणि आणखी बरेच. खरं बोलायचं तर सगळ्या गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. ओळीने वीस वाचल्या की एकविसाव्या गोष्टीत वळण कुठे येणार याचा वास लागतो. त्या एकेक करून, मधे काही दिवस जाऊ देऊन वाचाव्यात. आणि शक्य असेल तर ऐकाव्यात. मतकरी स्वतः कथाकथन करत. मी एकदाच ऐकलं. ना हातवारे, ना भुताचे आवाज. बँकेत एखादा अधिकारी सर्क्युलर वाचून दाखवेल तितक्या शांतपणे ते सांगत होते, आणि सभागृहात कोणी खोकत नव्हतं. पुढे ‘अल्फा मराठी’वर ‘गहिरे पाणी’ ही मालिका आली, तीही त्यांच्या गूढकथांवरची. आमच्या घरी ती सगळे एकत्र बसून बघत. माझं मत थोडं वेगळं आहे. कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावंच लागतं, आणि दाखवलं की ते तेवढंच उरतं. कागदावर ते आपल्या घराएवढं असतं.

समीक्षकांनी गूढकथेला बराच काळ माजघरात घेतलं नाही, ओसरीवरच बसवलं. रहस्य, भय, गूढ म्हणजे प्रवासात वाचून सीटवर सोडून द्यायचं लेखन, अशी समजूत. मतकरींच्या बाबतीत लोकांची आणखी पंचाईत व्हायची, कारण याच माणसाने ‘आरण्यक’ लिहिलं होतं.

‘आरण्यक’ १९७४ चं. महाभारत युद्ध संपलं आहे. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर अरण्यात निघाले आहेत. मूळ महाभारतातलं हे आश्रमवासिक पर्व, ज्याकडे आपण सहसा वळत नाही, कारण आपल्याला युद्ध संपलं की पुस्तक मिटायची सवय. मतकरींनी तिथून सुरुवात केली. मी १९७४ साली ते पाहिलं नाही. तेव्हा मी हिशोब जुळवत होतो. पाहिलं ते पंचेचाळीस वर्षांनी, पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा. धृतराष्ट्राचं काम मूळ प्रयोगात करणारे रवी पटवर्धन ऐंशी ओलांडून पुन्हा त्याच भूमिकेत उभे होते. दिलीप प्रभावळकर पुन्हा विदुर झाले होते, प्रतिभा मतकरी गांधारी. पहिल्या वेळी तरुण नटांनी म्हातारपणाचा अभिनय केला असेल, या वेळी वय खरंच अंगावर होतं. मुलाचं काय चाललंय हे कळत असून न बघितलेल्या बापाचं बोलणं ऐकताना मला बसवत नव्हतं. त्याचं कारण नाटकात निम्मं होतं, निम्मं आपल्या सोसायटीत.

पण त्याआधी १९७८. त्या साली मतकरींनी बँक सोडली. चाळिशीच्या उंबरठ्यावर, राष्ट्रीयीकृत बँकेची नोकरी! आमच्या सेक्शनमध्ये ही बातमी आली तेव्हा निम्म्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं आणि उरलेल्या निम्म्यांनी प्रॉव्हिडंट फंड किती मिळाला असेल याचा अंदाज बांधला. आणि त्याच वर्षाचा आकडा नावात असलेलं त्यांचं नाटक आलं, ‘लोककथा ७८’. खेड्यातल्या दलितांवरचा अत्याचार हा त्याचा विषय. ज्यांनी त्यांच्या राजकन्या आणि गूढकथा पाहिल्या-वाचल्या होत्या त्यांना हे कुठून आलं कळेना. मला वाटतं, ते तिथूनच आलं. भीती म्हणजे काय, ती माणसाला कशी गप्प बसवते, हे त्यांना आधीच पुरतं माहीत होतं. इथे फक्त तिला गाव मिळालं.

नंतरच्या व्यावसायिक नाटकांवर मी फार थांबत नाही, ती तुम्ही सर्वांनी पाहिली आहेत. ‘माझं काय चुकलं?’, ‘जावई माझा भला’, ‘चार दिवस प्रेमाचे’, आणि मुलगी सुप्रिया विनोद यांनी साकारलेली ‘इंदिरा’. ‘चार दिवस प्रेमाचे’ आम्ही उभयतांनी गडकरी रंगायतनला दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा तिकीट काढणं सौभाग्यवतींनी ठरवलं होतं. कादंबऱ्या, वृत्तपत्री सदरं, ललित लेख, रंगभूमीच्या अनुभवांवरचं ‘माझे रंगप्रयोग’ हे जाडजूड पुस्तक, शिवाय ‘नर्मदा बचाओ’ आणि ‘निर्भय बनो’ या चळवळींतला सहभाग. २००३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१८ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. यादी लांबवायची तर समिती मला आणखी दोन पानं देणार नाही.

आता आपला राक्षस.

२००१ साली सोसायटीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. सगळ्यांची कर्जं ताजी, ओळखी नव्या. गणपतीत मुलांचं नाटक करायचं ठरलं. बी विंगमधल्या एक वहिनी शाळेत शिक्षिका होत्या, त्यांनी दिग्दर्शन घेतलं. स्टिल्टमध्ये, स्कूटर बाजूला सारून महिनाभर तालमी चालल्या. आपल्या तेव्हाच्या वॉचमनचा मुलगा, असेल दहा वर्षांचा, रोज खांबाला टेकून बघत बसायचा. वहिनींनी त्याला पडदा ओढायचं काम दिलं. पडदा म्हणजे नायलॉनच्या दोरीवर दोन चादरी. प्रयोगाच्या दिवशी दुपारी आपल्या एका नटाला सणकून ताप भरला. सगळ्यांचे हातपाय गळाले. तेव्हा हा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "मला येतं." त्याला एकट्या त्या पात्राचं नाही, सगळ्यांचं येत होतं. अख्खं नाटक पाठ. संध्याकाळी त्याने ते काम केलं आणि टाळ्याही घेतल्या. ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल.

बक्षीस समारंभात प्रत्येक बालकलाकाराला स्टीलचा डबा दिला. यादीत अकरा नावं होती, मी यादीप्रमाणे अकरा डबे आणले होते. तापाने झोपलेल्या मुलाचा डबा त्याच्या आईने नेला. या मुलाच्या हातावर मी एक पेढा जास्त ठेवला. त्या वेळी मला यात काहीच खटकलं नाही. यादी बरोबर होती.

२००६ च्या दिवाळीत पार्किंगमधल्या एका नव्या गाडीचं कव्हर फटाक्याने पेटलं आणि गाडीचंही नुकसान झालं. रात्री दहाची वेळ. कोणी पाहिलं नाही, असं ठरलं. मग कोणीतरी म्हणालं की वॉचमनचा पोरगा तिथे फिरत होता. तो फिरत असायचाच, तो राहायचाच तिथे, पंपाच्या खोलीशेजारी. तेव्हा तो पंधरा वर्षांचा असेल. तातडीची सभा झाली. कमिटीने एकमताने ठरवलं की वॉचमनला महिन्याचा पगार देऊन मोकळं करावं. पोलिसात न जाण्याचा मोठेपणा आपण दाखवतो आहोत, असंही बोललं गेलं. व्हाउचर मी केलं. तो माणूस काही बोलला नाही, अंगठा उमटवला आणि गेला. मुलगा फाटकाबाहेर ट्रंकेवर बसला होता.

मी त्या रात्री आमच्या गॅलरीत उभा होतो. आवाज झाल्यावर दोन मुलं स्टिल्टमधून ए विंगच्या जिन्याकडे पळताना मी पाहिली. चेहरे दिसले नाहीत, पण त्यातल्या एकाची पळण्याची ढब मला ओळखू आली. दोन्ही आपल्या सभासदांची मुलं होती. वॉचमनचा मुलगा त्यांत नव्हता. सभेत मी बोललो नाही. मनात म्हटलं, चेहरा दिसला नाही तर पुरावा काय? कोणाचं मूल, कोण बाप, उद्या रोज लिफ्टमध्ये भेटणार. आणि मुलांच्या दहावी-बारावीची वर्षं. कोणाची मुलं ते मी आजही लिहिणार नाही. ती आता मोठी आहेत, त्यांनाही मुलं आहेत, आणि त्या रात्री त्यांचं वय घाबरायचंच होतं. माझं नव्हतं.

२०१३ साली मतकरींचा ‘इन्व्हेस्टमेंट’ हा चित्रपट लागला. स्वतःच्याच कथेवर, स्वतःच दिग्दर्शित केलेला, प्रतिभाताईंची निर्मिती. त्यांनी पंचाहत्तरीच्या आसपास हे नवं माध्यम हातात घेतलं आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवलं. मी तो दुपारच्या खेळाला पाहिला. मुंबईतलं वर चढू पाहणारं एक जोडपं, तुषार दळवी आणि सुप्रिया विनोद. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. त्याच्या वर्गातली एक मुलगी मरते, आणि त्यात आपल्या मुलाचा हात आहे हे आई-बापांना कळतं. मग ते त्याला वाचवायला निघतात. एवढंच. भूत नाही, रात्रीचा पाऊस नाही. चांगला फ्लॅट, चांगले कपडे, दिवाणखान्यातलं हलक्या आवाजातलं बोलणं. घरात सुलभा देशपांडे आहेत, आजी. त्यांचं नुसतं बघणं पुरतं.

ही ‘खेकडा’ लिहिणाऱ्याचीच गोष्ट आहे हे मला पहिल्या अर्ध्या तासात कळलं. फक्त आता तिला गूढकथा म्हणायची सोय राहिली नव्हती. आणि पुढे ‘आरण्यक’ पाहिलं तेव्हा दुसरं टोक हाती आलं. १९७४ ला पौराणिक नाटक, २०१३ ला चित्रपट. मधे एकोणचाळीस वर्षं, दोन निराळी माध्यमं, आणि तोच बाप. तो आंधळा होता म्हणून त्याला निदान सबब होती. मतकरींच्या सगळ्या लेखनात हेच आहे असं मी म्हणणार नाही, त्यांच्या विनोदी नाटकांत शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण माझ्यापुरतं मला हे सापडलं. थिएटरमधून मी घरी चालत आलो. सौभाग्यवतींनी विचारलं, पिक्चर कसा होता? मी म्हटलं, बरा होता. मग रात्री जेवण झाल्यावर सात वर्षांपूर्वीची गॅलरीतली गोष्ट तिला सांगितली. ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं." आणि भांडी आवरायला उठली.

त्या वॉचमनचा पत्ता काढायचा मी प्रयत्न केला. एजन्सी बदलली होती, जुना फोन लागत नव्हता. गावाकडे गेला असं एकाने सांगितलं, भिवंडीकडे असतो असं दुसऱ्याने.

२०१४ पासून मतकरींनी आपल्या ठाण्यात एक नवं काम सुरू केलं, ‘वंचितांचा रंगमंच’. समता विचार प्रसारक संस्थेबरोबर वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन नाटिका बसवायच्या. गोष्ट मुलांनीच शोधायची, त्यांच्याच आयुष्यातली. ज्या माणसाने पन्नासहून अधिक वर्षं मुलांसाठी लिहिलं त्याने आता लेखणी त्यांच्याच हातात दिली. त्यांचा ‘नाट्यजल्लोष’ होतो तो बघायला मी एकदा गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. रंगमंचावरच्या प्रत्येक उंच मुलाकडे मी निरखून बघत होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आपला तो आता पंचविशीचा बाप्या असणार, इथे कशाला दिसतोय?

१७ मे २०२० च्या रात्री मतकरी गेले, मुंबईत, करोनाने. ८१ वर्षांचे होते. आपण सगळे त्या दिवसांत दारं बंद करून बसलो होतो, भाजीची पिशवी धुऊन घेत होतो. ना शोकसभा, ना अंत्यदर्शन. माझ्याकडच्या पुस्तकांच्या पाठीवरची नावं मी त्या दिवशी नुसती वाचली.

त्या सभेच्या इतिवृत्ताचं पुस्तक कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहे, आणि व्हाउचरवर माझी सही आहे. त्या रात्री मी जे पाहिलं ते मी लिहून, सही करून कमिटीकडे दिलं आहे आणि पुढच्या सभेत वाचावं अशी विनंती केली आहे. सेक्रेटरींनी विचारलं, "काका, एवढ्या वर्षांनी कशाला?" मी म्हटलं, बँकेच्या भाषेत ही सस्पेन्समधली जुनी नोंद आहे, माझ्या हयातीत निघू दे.

माझ्याकडची मतकरींची सगळी पुस्तकं मी सोसायटीच्या वाचनालयाला दिली आहेत. ‘खेकडा’ची बांधणी सैल आहे, जपून हाताळावं. बालनाटकांच्या संहिता खालच्या कप्प्यात आहेत, मुलांचा हात पोचेल अशा. रजिस्टर टेबलावर आहे. सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगच्या माणसांच्या मुलांनाही पुस्तकं द्यावीत, डिपॉझिट न घेता, एवढी एक अट मी देणगीच्या पत्रात घातली आहे.